गोपालची जागा

शेजारच्या मंदाबाईंच्या नातीचा स्वतःचा बँड आहे. नातीचं नाव रोशनी, अजून शाळेतही घातलेली नाही. एक पत्र्याचा डबा, एक उलथणं आणि तोंडानंच वाजवायचा ट्रम्पेट, एवढं तिचं सामान. उन्हं उतरली की गल्लीतली पोरं रांगेत उभी करून ती आमच्या बँडची परतीची धून वाजवत माझ्या दारावरून जाते. धून मधोमध आली की सगळी पोरं गप्प होतात, डब्यावर उलथणं तेवढं हळूहळू वाजत राहतं, आणि सगळ्या माना एकदम वळून माझ्याकडे बघतात. मग रोशनी हात वर करते आणि उरलेली धून वाजवत वरात पुढे जाते.

एकदा मी तिला दारात अडवलं. "काऊन वो रोशनी, माह्याकडे काऊन पायता सारे?"

"मंग पाहा लागते ना काकू," ती म्हणाली. "बँडात तसंच असते."

पोरीला वाटतं, ते बघणं धुनेतलंच आहे. तिच्यावर काय रागावणार? ज्यांच्यावर रागवायचं होतं ती माणसं मोठी होती, आणि त्यांच्यात सगळ्यात मोठे माझे सासरे.

आमची रोहण्याची बँड पार्टी म्हणजे शेतकऱ्यांचीच. सकाळी आर्वीच्या बाजारात वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, विकणारा माणूस संध्याकाळी लाल कोट घालून कुणाच्या तरी वरातीपुढे झांजा वाजवत असतो. कागदावर लिहिलेलं संगीत त्यांच्यातल्या कुणाला वाचता येत नाही. सगळं कानानं उचललेलं आणि तोंडपाठ. सासरे अण्णाजी, मी त्यांना मामाजी म्हणते, ते क्लॅरनेट वाजवतात आणि मास्तरही तेच. परतीची धून त्यांनीच बसवलेली. गावातला नवरदेव नवरीला घेऊन आला की वेशीपासून मारुतीपर्यंत ती वाजते, आणि बाहेरगावचं लग्न असलं तरी शेवट तिनंच होतो. तिच्या मधात सगळा बँड थांबतो आणि एकटा ट्रम्पेट वाजतो. तो तुकडा गोपालचा. गोपाल म्हणजे मामाजींचा एकुलता मुलगा, आणि माझा नवरा.

छोटासाच तुकडा, पण त्यानं स्वतः रचलेला. सूर वर चढायचा, वर गेल्यावर जरासा थांबायचा, आणि मग रमत रमत खाली यायचा, बाजारातून येणारा माणूस दर ओसरीवर दोन शब्द बोलत घरी येतो तसा. दोन वर्षांपूर्वी होळीच्या आधी गोपाल वांग्यांना पाणी द्यायला गेला आणि विहिरीवरच्या मोटरचा करंट लागून गेला. त्याबद्दल मी यापेक्षा जास्त सांगणार नाही.

बँडात एक जुनी रीत आहे. वाजवणारा गेला की सालभर त्याचा तुकडा कुणी वाजवायचा नाही. तेवढी जागा रिकामी ठेवायची, ढोल फक्त हळू चालू ठेवायचा. साल भरलं की अक्षय्य तृतीयेची वाट पाहायची. त्या दिवशी घरोघरी पितरांची घागर भरतात, आणि संध्याकाळी शाळेच्या मैदानावर बँडची मोठी वाजवणी असते. तिथे गेलेल्याच्या घरचा कर्ता माणूस घागरीतल्या पाण्यानं वाद्याचं तोंड धुतो आणि वाद्य दुसऱ्याच्या हाती देतो. जागा भरली की गेलेला माणूस पितरांत जाऊन बसला, असं समजतात. ज्यानं कुणी ही रीत घातली तो शहाणा होता. जाणाऱ्यालाही सुटका आणि राहणाऱ्यालाही.

पहिल्या वर्षी ती रिकामी जागा मला बरी वाटायची, खोटं कशाला बोलू? सगळं गाव त्याच्यासाठी गप्प होतं याचा मला अभिमानही होता. मग साल भरलं, अक्षय्य तृतीया आली. ट्रम्पेट बबनरावांच्या हाती जायचा हे ठरलेलं होतं. बबनराव बँडातले दुसरे ट्रम्पेटवाले, कायम गोपालच्या खांद्याला खांदा लावून उभे राहायचे. ते पुढे झाले आणि मामाजींनी सगळ्यांसमोर हात वर केला. "औंदा नाई," एवढंच म्हणाले. का म्हणून कुणी विचारलं नाही. उलट लोकांनी डोळे पुसले, बापाची माया पाहा म्हणाले. लोकांना दुसऱ्याचं दुःख फार आवडतं, मांडवात बसून फुकट पाहायला मिळतं ना.

त्यानंतर सुरू झाले ते माझे हाल. लग्न कुणाचंही असो, धून मधोमध आली की ढोल हळू होतो आणि अख्खा मांडव मान वळवून बघतो, गोपालची बायको कुठे बसली आहे. एकदा मी बुंदीचा घास तोंडाशी नेला आणि धून आली. घास तसाच हातात धरून बसले, कारण त्या वेळी खाताना दिसले असते तर गावाला वर्षभर पुरलं असतं. पिवळी साडी नेसले तर लोकांचे डोळे एक बोलायचे, फिकी नेसले तर दुसरं. सगळ्यांना वाटायचं, मी रडू आवरते आहे. त्या वेळी माझ्या मनात काय चालायचं ते मी कधी कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

म्हणून यंदा मी ठरवलं. माझं माहेर बोरगाव मेघेचं. आईनं तिथे शिलाई मशीन घेऊन ठेवलं होतं आणि फोनवर रोज ये म्हणायची. जायची मला हौस नव्हती. वांग्याचे वाफे मी लावलेले, आणि आर्वीच्या बाजारात माझ्याशी भाव करायला भलेभले घाबरतात. पण वांग्यांसाठी माणूस किती दिवस स्वतःला पाहू देईल? मी सासूबाईंना सांगून टाकलं.

"आत्याबाई, औंदा जर जागा भरली नाई, तं मी चालली बोरगावले. कायमची."

माझ्या सासूबाई, मनकर्णाबाई, खाटेवर कुरडया वाळत घालत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत. "जाजो माय," त्या म्हणाल्या. "मी नाई अडवत तुले." मग एक कुरडई उलटी केली. "पण मले सांग, मी कुठं जाऊ? मलेबी पायतेत ना लोक."

दोन वर्षं आम्ही एका चुलीवर रांधलं आणि हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मला माझी लाज वाटली, पण बेत काही बदलला नाही.

वाजवणीच्या आदल्या दिवशी मी मामाजींसमोर जाऊन उभी राहिले. ते ओट्यावर बसून क्लॅरनेट पुसत होते.

"मामाजी, उद्या भरून टाका जागा."

बराच वेळ ते फडकं फिरवत राहिले. "दुसऱ्याच्या फुकीनं माह्या पोराचा तुकडा वाजन? माह्यानं नाई ऐकवत."

"तुमच्यानं ऐकवत नाई, अन् माह्यानं सोसवत नाई. साऱ्या गावाचे डोळे माह्यावर असतेत."

"ते तुले नाई पायत उज्वला. ते गोपालले पायतेत." आवाज अजिबात चढला नाही, म्हणून मला जास्त राग आला. "ती जागा खाली हाय ना, तवरच तो हाय. एकडाव भरली का संपलं. मंग कोणी नाव नाई घेणार त्याचं."

"अन् मी? मी काय फोटो आहो, हार घालून भिंतीले लटकवाले?"

मामाजी उठले. क्लॅरनेट पेटीत ठेवला, पेटी बंद केली आणि विहिरीकडे निघून गेले. मी आत जाऊन फळीवरची मोठी पिशवी खाली काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घागर भरली. पुरणपोळी, आंब्याचा रस, कुरडया, असं पितरांचं पान वाढलं. आत्याबाईंनी कुणाला न विचारता ट्रम्पेट काढला, लाल फडक्यात गुंडाळला आणि घागरीशेजारी ठेवला. मामाजी पाया पडले. त्यांनी फडक्याकडे पाहिलं, हात लावला नाही. माझी भरलेली पिशवी दारातून दिसत होती. तिच्याकडेही त्यांनी पाहिलं, आणि मान खाली घालून बाहेर गेले.

दिवसभर जमीन अशी तापली होती की सूर्य बुडाल्यावरही मैदानात पायातली चप्पल काढवत नव्हती. एका कोपऱ्यात पाण्याचा टँकर, दुसऱ्या कोपऱ्यात टरबुजाच्या फोडी, आणि शाळेच्या भिंतीवर भला मोठा फ्लेक्स. रोहणा बँड पार्टीची उन्हाळी वाजवणी, आणि खाली यंदाच्या खास कलाकारांचे फोटो. चतुराबाईंचं भजनी मंडळ, ऑर्गनवाला अंकित, आणि पाहुणे म्हणून वडनेरचे डोमाजी आणि त्यांचा बँड. जिवंत कलाकार बोटाएवढे, आणि मधात गोपाल दाराएवढा, फोटोलाच हार छापलेला. मी मुद्दाम त्याच्या समोरची खुर्ची सोडून बाजूला बसले. आत्याबाई माझ्या शेजारी. त्यांच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती आणि ती त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

चतुराबाईंच्या बायकांनी खंजिरीवर दोन भजनं म्हटली. अंकितनं ऑर्गन वाजवला, जरा जास्तच वेळ वाजवला, पण गावचा पोरगा म्हणून लोकांनी टाळ्या दिल्या. मग निळे कोट घातलेले वडनेरवाले उभे राहिले. डोमाजी त्यांचे मास्तर, गोल पोटाचे, हसरे. त्यांनी माइक हातात घेतला.

"आमी तुमच्यासाठी तुमचीच चीज आणली," ते म्हणाले. "हिंगणघाटाकडच्या दोन-तीन लग्नांत तुमचा बँड अन् आमचा बँड संग होता. तिथं तुमची परतीची धून आमच्या पोट्ट्यांनी कानानं उचलली. आता आमच्याकडे याच्याबिगर वरातच निघत नाई. चुकलं-माकलं तं अण्णाजी, कान धरजा."

मामाजी खुर्चीत बसल्या बसल्या हसले. खूप दिवसांनी हसले. आपली धून कुणी दुसऱ्या गावानं घेतली की मास्तरला काय वाटतं ते मला समजत होतं.

वडनेरवाल्यांनी धून धरली. आमच्यापेक्षा जलद, नाचायची चाल, पण सूर न सूर तोच. लोक खुर्चीवर ताल धरू लागले. धून मधोमध आली. आणि त्यांचा सगळा बँड थांबला. ढोल हळू झाला. मग वडनेरच्या पोरांनी दोन्ही हात वर केले, गिरकी घेतली, आणि सगळ्यांनी मिळून मोठ्यानं आरोळी ठोकली, "हुर्रर्र!" पुन्हा एक गिरकी, पुन्हा आरोळी. आणि धून पुढे चालू.

मैदानावर कुणी हललं नाही. रोशनी एकटी टाळ्या वाजवत होती, मंदाबाईंनी तिचे हात धरून ठेवले. सवयीनं काही माना माझ्याकडे वळल्या होत्या, पण पुढे काय करायचं ते त्यांना समजेना, म्हणून त्या तशाच राहिल्या. वडनेरवाल्यांनी धून संपवली. टाळ्या आल्या नाहीत तेव्हा त्यांचे चेहरे उतरले.

मामाजी उठून त्यांच्याजवळ गेले. माइक चालूच होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं.

"हे मधात काय केलं तुमी?"

"काय केलं म्हंजे?" डोमाजी गोंधळले. "तुमचंच तं हाय अण्णाजी. तुमीच थांबता ना तिथं? लय मस्त थांबा हाय बापा. आमच्याकडे नवरदेवाले त्याच वक्ती खांद्यावर उचलतेत."

"तिथं ट्रम्पेट हाय."

"ट्रम्पेट?" डोमाजींनी आपल्या पोरांकडे पाहिलं. पोरांनी माना हलवल्या. "नाई जी. आमी जवा जवा ऐकली, तवा तिथं काईच नोतं. खोटं काऊन बोलू? तिथं खालीच असते."

मामाजी तसेच उभे राहिले. मला त्यांचा चेहरा बाजूनं दिसत होता. त्यांचा मुलगा ज्या जागेत आहे असं ते दोन वर्षं म्हणत होते, त्या जागेत वडनेरची पोरं नाचत होती, आणि त्यांची काही चूक नव्हती. मला त्यांच्यावर दोन वर्षांचा राग होता. तो सगळा त्या वेळी कुठे गेला कोण जाणे. मला फक्त वाटलं, या म्हाताऱ्याला कुणीतरी खुर्ची द्या.

त्यांनी खुर्ची घेतली नाही. ते आपल्या लाल कोटवाल्यांकडे वळले. "बबन, पुढं ये. गोपालचा तुकडा वाजव."

"दादा, आता?"

"आताच."

ट्रम्पेट कुठे आहे असं कुणी विचारायच्या आत आत्याबाई उठल्या. मांडीवरच्या पिशवीतून त्यांनी लाल फडकं काढलं, आणि झाकण लावलेला तांब्या. घागरीतलं पाणी. गेल्या वर्षीही त्यांनी ते असंच आणलं होतं आणि असंच परत नेलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. मामाजींनी ट्रम्पेटचं तोंड काढून धुतलं. अर्धं पाणी मातीत गेलं. कोटाला पुसून त्यांनी ते परत बसवलं आणि ट्रम्पेट बबनरावांच्या हाती दिला. त्यांच्याकडे न बघता दिला.

बँडानं धून सुरू केली. मधोमध आली, सगळे थांबले, बबनरावांनी श्वास भरला. सूर वर चढला. आणि सरळ खाली आला.

त्यांना स्वतःलाच कळलं. "दादा, थांबा. पुन्हा." पुन्हा धून, पुन्हा ती जागा. या वेळी सूर भलतीकडेच गेला आणि मधेच तुटला. बबनरावांच्या कपाळावरून घाम गळत होता. "येत होता मले," ते म्हणाले. "नाई, येत नोता. तो वाजवे तवा मी दम घेत राहो. कानावर होता निस्ता."

मामाजींनी स्वतः क्लॅरनेट तोंडाला लावला. दोन-तीन सूर काढले, थांबले, पुन्हा तेच दोन-तीन काढले. मग क्लॅरनेट खाली घेतला. "मी तं मात्रा मोजत राहो," ते हळूच म्हणाले. "आपल्याले वाजवत परत कवा उठाचं, तेवढंच ध्यान." अंकितनं मोबाइल काढला. त्यात दोन लग्नांचे व्हिडिओ होते. माइकला लावून ऐकवले, तर जनरेटर, शिट्ट्या आणि पोरांचा गोंगाट. ट्रम्पेट आहे एवढं कळत होतं, काय वाजतंय ते नाही.

ज्यांनी ती जागा दोन वर्षं जीव लावून जपली, त्यांनाच आता तिच्यात काय होतं ते सांगता येईना. 

मला येत होता.

तो रोज संध्याकाळी ओट्यावर बसून तेच वाजवायचा आणि मी शेजारी बसून उद्याच्या बाजाराची वांगी निवडायचे. किडकं वांगं बाजूला टाकताना मी गुणगुणायचे तेही तेच. तो गेल्यावर लग्नमांडवात ढोल हळू व्हायचा आणि लोक माझ्याकडे बघायचे, तेव्हा मी रडू आवरत नसे. मी मनातल्या मनात तो तुकडा म्हणत असे. प्रत्येक वेळी, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, आणि तो संपला की बरोबर बँड उठायचा. लोकांना जागा रिकामी वाटायची. माझ्यासाठी ती कधीच रिकामी नव्हती. आणि हे माझं एकटीचं होतं, मला ते कुणाला द्यायचं नव्हतं.

बबनरावांनी तिसऱ्यांदा वाजवलं, आणि वर गेलेला सूर पुन्हा धाडकन खाली आणला. माझ्यानं राहवेना.

"तसा नाई तो, भाऊजी!" मी उभी राहिले होते. "वरतं गेल्यावर थांबत होता तो. तुमी लगेच पळत खाली येऊन राह्यले."

आता खरोखरच सगळं गाव माझ्याकडे बघत होतं, आणि ढोलही वाजत नव्हता.

मामाजी म्हणाले, "म्हणून दाखव, उज्वला."

मी म्हटलं. शब्द नव्हतेच, नुसते सूर. पहिले दोन सूर मलाच ऐकू आले, तर आत्याबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "म्हण माय, म्हण." मग मी मोकळ्यानं म्हटलं. वर गेले, थांबले, आणि खाली आले, ओसरी ओसरीवर रेंगाळत. बबनराव डोळे मिटून ऐकत होते. पुन्हा म्हणायला लावलं, मी पुन्हा म्हटलं. मग त्यांनी ट्रम्पेट उचलला आणि माझ्या मागून मागून वाजवला. एका जागी चुकले, मी हातानं थांबवलं, त्यांनी सुधारला. गोपालचा नव्हता तो, फुंक जरा जड होती. पण तुकडा तोच होता.

मामाजींनी हात केला. बँडानं सुरुवातीपासून धून धरली.

मधोमध आली तेव्हा सवयीनं सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मग ट्रम्पेट वाजला. आणि एक एक करून त्या माना वळल्या, ट्रम्पेटकडे. आधी पोरं, मग बायका, मग सगळे. मामाजी क्लॅरनेट खाली धरून उभे होते. या वेळी ते मात्रा मोजत नव्हते, कारण बँड उठला तेव्हा ते उठले नाहीत, मागून येऊन मिळाले. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. दोन वर्षं मला जे हवं होतं ते झालं होतं. आणि मनातल्या मनात म्हणायला काही उरलं नव्हतं, कारण ते बाहेर वाजत होतं, सगळ्यांसाठी. तेव्हा मी रडले. पहिल्यांदाच चारचौघांत रडले, आणि कुणाचंही लक्ष नव्हतं.

वाजवणी संपल्यावर डोमाजी वहीपेन्सिल घेतलेल्या पोरासारखा चेहरा करून मामाजींच्या मागे लागले. पोरं तुकडा शिकूनच जातील म्हणाले. मग त्यांना शंका आली. "पण अण्णाजी, मंग नवरदेवाले खांद्यावर कवा उचलाचं?"

"तुकडा सरू द्या," मामाजी म्हणाले. "मंग उचला."

घरी येताना ते माझ्या बरोबरीनं चालत होते. एरवी ते पुढे चालतात. मारुतीजवळ आल्यावर म्हणाले, "जाऊन राह्यली का तू, बोरगावले?"

"मालूम नाई मामाजी."

"जा. मी नाई म्हणत नाई." थोडं चालल्यावर म्हणाले, "पण लग्न असलं का येत जाजो. बबन चुकन."

दुसऱ्या दिवशी मी आईला फोन केला, वांगी निघेपर्यंत थांबते म्हणाले. पिशवी रिकामी केली नाही, पण फळीवर ठेवून दिली. उन्हं उतरली. गल्लीच्या टोकाला डबा वाजायला लागला आणि मी दारात येऊन उभी राहिले.

रोशनीची वरात आली. धून मधोमध आली, पोरं गप्प झाली. रोशनीनं तोंडाशी मूठ धरली आणि ट्रम्पेट वाजवला. वर गेली आणि सरळ पळत खाली आली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. एकाही पोरानं पाहिलं नाही. सगळी तिच्या तोंडाकडे बघत होती. वरात माझ्या दारावरून पुढे निघून गेली.

मी तशीच उभी होते. मी वाट पाहत होते, त्यांनी बघावं म्हणून. ज्या बघण्यापायी मी घर सोडायला निघाले होते, त्याची.

"रोशनी," मी हाक मारली. "तसा नाई वो तो."

ती थांबली. सगळा बँड थांबला. "मंग कसा हाय, काकू?"

मी उंबऱ्यावर बसले आणि तिला जवळ बोलावलं.